मेंढा (लेखा) : स्वागत सर्वांचे, अटी ग्रामसभेच्या

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यात, छत्तीसगडच्या सीमेकडे जाणाऱ्या मार्गालगत मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचे छोटेसे गाव वसले आहे. शेजारच्या लेखा गावाचे नाव जोडून ते ओळखले जाते. घरे शंभराच्या आसपास आणि लोकसंख्या पाचशेच्या आसपास असलेल्या या गावाला गेल्या अनेक वर्षांत केंद्रीय मंत्री, मुख्यमंत्री, देशविदेशांतील संशोधक, वनाधिकारी, विद्यार्थी आणि व्यापारी यांनी भेटी दिल्या आहेत. गावात पाहण्याजोगे प्राचीन मंदिर नाही, किल्ला नाही, पर्यटकांसाठी विश्रामगृहही नाही. गावाभोवतीचे सुमारे १,८०० हेक्टर जंगल आणि त्या जंगलाचा कारभार पाहणारी ग्रामसभा हेच या गावाचे वैशिष्ट्य आहे.

मेंढ्याला भेट देऊ इच्छिणारा अभ्यासक असो अथवा बांबूच्या खरेदीसाठी येणारा व्यापारी असो, त्याचा पहिला व्यवहार ग्रामसभेशीच होतो. गाव बाहेरच्या जगाशी व्यापार करते, बाहेरच्या तज्ज्ञांकडून शिकते आणि पाहुण्यांचे आतिथ्यही करते. मात्र जमीन आणि जंगल विकण्याचा विषय या गावाच्या व्यवहारात येत नाही. गडचिरोली जिल्ह्यात खाणी आणि पोलाद प्रकल्पांच्या रूपाने मोठी गुंतवणूक येऊ लागली असताना मेंढ्याने निवडलेला हा मार्ग समजून घेणे उपयुक्त ठरेल.

स्थान आणि परिसर

गडचिरोली जिल्ह्याची निर्मिती २६ ऑगस्ट १९८२ रोजी तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन करून करण्यात आली. सुमारे १४,४१२ चौरस किलोमीटर क्षेत्रफळाच्या या जिल्ह्याचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग वनाच्छादित आहे. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे पावणेअकरा लाख होती. पश्चिमेला वैनगंगा, दक्षिणेकडे गोदावरी व इंद्रावती आणि पूर्वेला छत्तीसगडची सीमा असा हा प्रदेश आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपूर्वी हा भाग आणि आजचे छत्तीसगड ही दोन्ही एकाच, म्हणजे तत्कालीन मध्य प्रदेश राज्यात होती. त्यामुळे सीमेच्या दोन्ही बाजूंना गोंडी भाषा, नातेसंबंध, बाजार आणि सणवार यांचे धागे आजही एकमेकांत गुंतलेले आहेत.

मेंढा हे गाव गडचिरोली शहरापासून सुमारे ३० किलोमीटर अंतरावर आहे. तालुक्याचे ठिकाण असलेले धानोरा येथून जवळच आहे. वैनगंगेची उपनदी असलेली कठाणी नदी या परिसरातून वाहते. पावसाळा भरपूर, हिवाळा आल्हाददायक आणि उन्हाळा अत्यंत कडक असे येथील हवामान आहे. धान हे मुख्य पीक असून शेतीला जंगलातील उत्पन्नाची जोड मिळते. मोहाची फुले, चारोळी, हिरडा, बेहडा, आवळा, मध, तसेच पावसाळ्यात वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब यांवर गावाचा आहार व अर्थव्यवहार अवलंबून असतो. या सर्वांत आर्थिकदृष्ट्या सर्वाधिक महत्त्व बांबूला आहे.

हक्कांचा प्रश्न कसा निर्माण झाला

मध्य प्रदेशात १९५० च्या कायद्याने जमीनदारी व मालगुजारी संपुष्टात आली. त्यानंतर या भागातील जंगले शासनाच्या ताब्यात आली. घरासाठी लाकूड, कुंपणासाठी बांबू, जळण आणि चराई यांसाठी गावकऱ्यांना मिळणाऱ्या सवलतींना निस्तार हक्क असे म्हणतात. शासकीय व्यवस्थापनात या हक्कांचा संकोच होत गेला. दुसरीकडे, बल्लारपूरच्या कागद कारखान्याला जिल्ह्यातील बांबू दीर्घ मुदतीच्या कराराने सवलतीच्या दरात उपलब्ध करून देण्यात आला होता. घराच्या कुडासाठी बांबू तोडणाऱ्या गावकऱ्यावर गुन्हा दाखल होत असे आणि त्याच जंगलातून कारखान्यासाठी बांबूचे ट्रक भरून जात असत. ही विसंगती गावकऱ्यांना खटकत होती.

या अस्वस्थतेला १९८० च्या दशकात संघटित रूप मिळाले. इंद्रावतीवरील भोपालपट्टणम आणि गोदावरीवरील इंचमपल्ली या प्रस्तावित धरणांमुळे मोठ्या प्रमाणावर जंगल व आदिवासी गावे पाण्याखाली जाणार होती. त्याविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभे राहिले. ज्येष्ठ समाजसेवक बाबा आमटे आणि आदिवासी नेते लालश्यामशहा यांनी त्याचे नेतृत्व केले. लालश्यामशहा हे आजच्या छत्तीसगडमधील पानाबरस जमीनदारीचे होते आणि १९६२ मध्ये चांदा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले होते. धरणांची योजना बारगळली. मात्र आंदोलनातून पुढे आलेला प्रश्न कायम राहिला. आपल्या गावाचे आणि जंगलाचे निर्णय कोणी घ्यावयाचे, हा तो प्रश्न होय.

मेंढा गावात या प्रश्नाचे उत्तर एका घोषवाक्यात सामावले गेले. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, मावा नाटे माटे सरकार’ असे ते वाक्य आहे. त्यातील गोंडी भागाचा अर्थ ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ असा होतो. केंद्र व राज्य शासनाला मान्यता देतानाच गावाच्या कारभाराची जबाबदारी गावाने स्वतःकडे घेणे, असा त्याचा आशय आहे. देवाजी तोफा हे या प्रयत्नांतील गावाचे प्रमुख कार्यकर्ते. ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांनी अनेक वर्षे गावाला अभ्यासाची व कायद्याच्या माहितीची साथ दिली.

त्या काळातील एक संघर्ष गोटुलाचा होता. गोटुल ही गोंड समाजातील तरुणांची पारंपरिक सामूहिक संस्था. गावाने गोटुल पुन्हा उभारण्यासाठी जंगलातील लाकूड वापरले. वनविभागाने विनापरवाना लाकूडतोड म्हणून कारवाई केली आणि ते पाडले. त्यानंतर परिसरातील इतर गावेही एकत्र आली आणि आपापल्या गावी गोटुल उभारण्याचा निर्धार त्यांनी केला. परंपरा आणि कायदा यांच्यातील हा संघर्ष पुढील वाटचालीची नांदी ठरला.

निर्णय बहुमताने नव्हे, सहमतीने

मेंढ्याच्या ग्रामसभेचे कामकाज प्रचलित पद्धतीपेक्षा वेगळे आहे. येथे हात वर करून मतमोजणी केली जात नाही. सर्वांची सहमती होईपर्यंत चर्चा चालू ठेवली जाते. एखाद्या व्यक्तीचा आक्षेप असल्यास निर्णय पुढे ढकलला जातो आणि तो विषय पुन्हा घेतला जातो. यामुळे वेळ अधिक लागतो, हे गावकरीही मान्य करतात. मात्र एकदा घेतलेला निर्णय पाळण्यासाठी वेगळी सक्ती करावी लागत नाही, असा या पद्धतीमागील विचार आहे. चर्चेत स्त्रिया व पुरुष दोघांचाही सहभाग अपेक्षित असतो.

ग्रामसभेबरोबर ‘अभ्यास गट’ ही दुसरी महत्त्वाची व्यवस्था आहे. एखाद्या विषयात रस असलेले गावकरी एकत्र बसून त्या विषयाचा अभ्यास करतात. आवश्यकतेनुसार बाहेरच्या जाणकारांना बोलावले जाते. तज्ज्ञाने माहिती द्यावी, पर्याय समजावून सांगावेत आणि निर्णय मात्र ग्रामसभेने घ्यावा, अशी ही विभागणी आहे. वनविषयक कायदे, मध गोळा करण्याच्या पद्धती, हिशेब आणि शासकीय योजना असे विषय या गटांमध्ये हाताळले गेले आहेत.

अशा अभ्यासातून काही नियम तयार झाले. मोह, चारोळी यांसारखी फळे देणारी झाडे तोडू नयेत, जंगलास आग लावू नये, जंगलात अतिक्रमण करू नये, मध काढताना मधमाश्या जाळू नयेत, असे हे नियम आहेत. दारूबंदीचा निर्णयही गावाने स्वतःच घेतला. संपूर्ण गडचिरोली जिल्ह्यात शासनाची दारूबंदी १९९३ पासून लागू झाली. त्याआधीच गावात या विषयावर चर्चा सुरू झाली होती आणि त्यात महिलांचा पुढाकार होता. गावकऱ्यांना मजुरीतून मिळणाऱ्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा ग्रामकोषात जमा करण्याची पद्धतही गावाने स्वीकारली. या निधीतून अडचणीत असलेल्या कुटुंबांना साहाय्य केले जाते.

२००९ : हक्काचे पत्र

अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना विशेष अधिकार देणारा ‘पेसा’ कायदा १९९६ मध्ये संमत झाला. त्यानंतर दहा वर्षांनी, २००६ मध्ये, वनहक्क कायदा आला आणि २००८ च्या प्रारंभापासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. या कायद्यात दोन प्रकारचे हक्क आहेत. पहिला वैयक्तिक, म्हणजे एखादे कुटुंब कसत असलेल्या वनजमिनीवरचा. दुसरा सामूहिक, म्हणजे गावाने परंपरेने राखलेल्या व वापरलेल्या जंगलाचे संरक्षण, संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याचा. गौण वनोपजाची मालकी, ते गोळा करणे व विकणे हाही हक्क या कायद्याने मान्य केला.

मेंढा गावाने सामूहिक हक्काचा दावा अभ्यासपूर्वक तयार केला. २००९ मध्ये सुमारे १,८१० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक वनहक्क मान्य करण्यात आला. गडचिरोली जिल्ह्यातीलच आणखी एका गावाबरोबर हा हक्क मिळवणारे ते देशातील पहिले गाव ठरले. जमिनीची शासकीय मालकी यामुळे संपत नाही. व्यवस्थापनाचा अधिकार आणि वनोपजावरील हक्क मात्र ग्रामसभेकडे येतो. कायद्यानुसार हा हक्क विकता येत नाही किंवा दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. गुंतवणुकीच्या दृष्टीने पाहणाऱ्यांनी ही तरतूद प्रथम लक्षात घेणे आवश्यक आहे.

याच वर्षी सामुदायिक साधनसंपत्तीच्या व्यवस्थापनावरील संशोधनासाठी अमेरिकेतील एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. सामाईक जंगल, कुरणे व पाणी यांचा नाश अटळ नसतो, वापरणारे लोक स्वतः नियम करून ती टिकवू शकतात, हे त्यांनी अनेक देशांतील उदाहरणांवरून दाखविले होते. इंडोनेशियातही घटनात्मक न्यायालयाने २०१३ मध्ये परंपरागत समुदायांची जंगले ही शासकीय जंगले मानता येणार नाहीत, असा निर्णय दिला. मेंढ्याचा प्रश्न जगातील अनेक वनवासी समाजांचा प्रश्न आहे, हे यावरून स्पष्ट होते.

बांबू गवत की झाड

हक्कपत्र मिळाले तरी बांबू विकण्याचा मार्ग लगेच मोकळा झाला नाही. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बांबू हे गवत आहे. मात्र १९२७ च्या भारतीय वन कायद्यात त्याची गणना झाडांत करण्यात आली होती. त्यामुळे बांबू हे लाकूड असून त्यावर वनविभागाचा अधिकार आहे, अशी प्रशासनाची भूमिका होती. २००६ च्या वनहक्क कायद्याने मात्र बांबूचा स्पष्टपणे गौण वनोपजात समावेश केला होता. दोन कायद्यांमधील हा पेच प्रत्यक्षात वाहतूक परवान्यापाशी येऊन अडकला. जंगलातून बाहेर नेण्याचा परवाना नसेल तर गावाने तोडलेला बांबू विकत घेण्यास कोणताही व्यापारी धजावणार नव्हता.

गावाने यासाठी पाठपुरावा चालू ठेवला. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरण व वनमंत्री जयराम रमेश आणि तत्कालीन मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढा येथे आले आणि वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेकडे सुपूर्द करण्यात आले. स्वतःच्या जंगलातील बांबूसाठी परवाने देण्याचा अधिकार गावाच्या हाती आला. त्यानंतरच्या हंगामात बांबूविक्रीतून गावाला सुमारे एक कोटी रुपयांचे उत्पन्न मिळाले. पुढे सप्टेंबर २०१२ मध्ये वनहक्क नियमांत दुरुस्ती होऊन वाहतूक परवाने देण्याचा ग्रामसभेचा अधिकार देशभरासाठी मान्य करण्यात आला. वनक्षेत्राबाहेर वाढवलेला बांबू २०१७ मध्ये झाडांच्या व्याख्येतून वगळण्यात आला.

या जंगलातील बांबू प्रामुख्याने मानवेल या जातीचा आहे. त्याचे कोंब पावसाळ्यात फुटतात आणि काही महिन्यांतच पूर्ण उंची गाठतात. या काळात तोड बंद ठेवावी लागते. कोवळे बांबू बेटात राखून पक्व बांबूच काढावे लागतात. एका भागात तोड झाल्यावर पुन्हा तेथे येण्यापूर्वी काही वर्षांचा अवकाश द्यावा लागतो. घाईने किंवा चुकीच्या उंचीवर तोडल्यास बेट गुदमरते आणि नवे कोंब कमी येतात. आपलेच जंगल असल्याने तोडणारा मजूर काळजी घेतो, हा सामूहिक व्यवस्थापनाचा प्रत्यक्ष लाभ आहे. मिळणाऱ्या रकमेतून तोडीची मजुरी दिली जाते आणि उर्वरित रक्कम जंगलाच्या व गावाच्या कामांसाठी राखली जाते.

जमीनही ग्रामसभेची

२०१३ मध्ये मेंढ्याने आणखी एक असाधारण पाऊल उचलले. गावातील शेतकऱ्यांनी आपली खासगी शेतजमीन ‘महाराष्ट्र ग्रामदान अधिनियम, १९६४’ अन्वये ग्रामसभेच्या नावे करण्याचा निर्णय घेतला. ग्रामदान ही विनोबा भावे यांच्या भूदान चळवळीतून पुढे आलेली कल्पना. भूदानाचा प्रारंभ १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे झाला. पुढच्याच वर्षी उत्तर प्रदेशातील मंगरोठ हे पहिले ग्रामदानी गाव ठरले. १९६० च्या दशकात या चळवळीचा जोर मोठा होता. नंतर ती ओसरली आणि कायदा पुस्तकातच राहिला. अर्धशतकानंतर एका आदिवासी गावाने त्याचा आधार घेतला.

ग्रामदानात मालकी गावाची होत असली तरी कसण्याचा हक्क संबंधित कुटुंबाकडे राहतो आणि वारसांकडे जातो. जमीन बाहेरच्या व्यक्तीला विकण्याची वाट मात्र बंद होते. कर्ज, आजारपण किंवा लग्नकार्याच्या अडचणीत जमीन हातची जाऊ नये, असा यामागील हेतू आहे. या निर्णयाला शासकीय पातळीवर पूर्ण रूप मिळण्यासाठी गावाला अनेक वर्षे पाठपुरावा करावा लागला.

खरेदीदार व गुंतवणूकदारांसाठी

या पार्श्वभूमीवर गावात कोणत्या प्रकारचा आर्थिक सहभाग शक्य आहे आणि कोणता नाही, हे स्पष्ट होते.

जमिनीची खरेदी शक्य नाही. ग्रामदानाखेरीज, आदिवासींची जमीन बिगरआदिवासीला हस्तांतरित करण्यावर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनेही निर्बंध घातले आहेत. वनक्षेत्र भाड्याने घेणे, हक्क गहाण ठेवणे किंवा दीर्घ मुदतीच्या कराराने जंगल ताब्यात घेणे यांनाही वाव नाही.

वनोपजाची खरेदी शक्य आहे. हा व्यवहार दलालामार्फत किंवा एखाद्या पुढाऱ्याशी खासगीत बोलून होत नाही. मालाचे प्रमाण, दर, उचल करण्याची मुदत आणि रक्कम देण्याची पद्धत यांवर ग्रामसभेत उघड चर्चा होते. पैसे ग्रामसभेच्या बँक खात्यात जमा करावे लागतात. सहमतीला वेळ लागत असल्याने घाईचा व्यवहार येथे जमणे कठीण असते. ठरलेला शब्द मात्र एका व्यक्तीचा नसून संपूर्ण गावाचा असतो आणि पुरवठ्याच्या दृष्टीने व्यापाऱ्याला तो अधिक भरवशाचा ठरतो.

बांबूवर गावातच प्रक्रिया व्हावी, हा पुढचा टप्पा मानला जातो. कच्चा बांबू गावाबाहेर गेला की मूल्यवृद्धीचा लाभ इतरांना मिळतो. हस्तकला, फर्निचर, बांधकामासाठी प्रक्रिया केलेला बांबू, तसेच मध व मोहापासूनची खाद्य उत्पादने या क्षेत्रांत प्रशिक्षण, यंत्रसामग्री आणि बाजारपेठ यांची गरज आहे. भांडवलापेक्षा कौशल्य घेऊन येणाऱ्यांना येथे अधिक वाव आहे, असे म्हणता येईल.

पोलाद आणि बांबू

मेंढ्याच्या पूर्वेला, सीमेपलीकडे, भारतातील औद्योगिक गुंतवणुकीचे एक ठळक उदाहरण उभे आहे. भिलाई पोलाद कारखान्यासाठी भारत व सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. अनेक गावांच्या जमिनीवर कारखाना आणि नगर उभे राहिले. दल्ली-राजहराच्या लोहखनिजावर कारखाना चालला. देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून, त्यात महाराष्ट्रातूनही, लोक नोकरीसाठी आले. पावर हाउससारखे भाग बाजारपेठ व रेल्वे स्थानकामुळे गजबजले. राष्ट्राच्या उभारणीत या कारखान्याचा वाटा मोठा आहे. मात्र ज्या गावांवर तो उभा राहिला, त्यांच्या संमतीला त्या काळच्या कायद्यात आजच्यासारखे स्थान नव्हते.

आता गडचिरोली जिल्हाही पोलादाच्या नकाशावर येत आहे. एटापल्ली तालुक्यातील सुरजागड येथे लोहखनिजाचे उत्खनन सुरू आहे आणि चामोर्शी तालुक्यातील कोनसरी येथे प्रकल्प उभारण्यात आला आहे. रोजगार आणि रस्ते यांची अपेक्षा एका बाजूला आणि जंगल, पाणी व अवजड वाहतूक यांविषयीची चिंता दुसऱ्या बाजूला, अशी चर्चा जिल्ह्यात चालू असते. वनजमीन अन्य कामासाठी वळविताना ग्रामसभेची संमती घेण्याचे निर्देश केंद्र शासनाने २००९ मध्ये दिले होते. ओडिशातील नियमगिरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये हा विषय ग्रामसभांकडे सोपविला आणि तेथील ग्रामसभांनी बॉक्साइटची खाण नाकारली. २०२२ च्या वनसंवर्धन नियमांनंतर संमतीची प्रक्रिया पूर्ण करण्याची जबाबदारी राज्य शासनांवर सोपविण्यात आली असून त्यामुळे ग्रामसभेचे महत्त्व कमी होईल, अशी टीका झाली आहे.

मेंढ्याच्या उदाहरणाने मोठ्या उद्योगांच्या प्रश्नाचे उत्तर मिळते, असे नाही. शंभर घरांच्या गावाचा अनुभव जसाच्या तसा सर्वत्र लागू करता येणार नाही. मात्र संमतीचा अर्थ काय, ती कशी घेतली जाते आणि ती देणाऱ्याला आधी माहिती का असावी लागते, हे पाहण्यासाठी हे गाव उपयुक्त आहे. गडचिरोली जिल्ह्यात चौदाशेहून अधिक ग्रामसभांना सामूहिक वनहक्क मिळाले आहेत. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावानेही बांबू व्यवस्थापनात उल्लेखनीय काम केले आहे.

अडचणीही आहेत

गावाचे चित्र केवळ यशाचे नाही. बांबूचा बाजारभाव गावाच्या हाती नाही. दर पडले किंवा खरेदीदार आला नाही, तर वर्षाचे नियोजन कोलमडते. मानवेल बांबूला अनेक वर्षांच्या अंतराने एकदाच फुलोरा येतो आणि त्यानंतर बेट वाळते. अशा वेळी बांबूवरील उत्पन्न दीर्घकाळ थांबू शकते. शिक्षण घेतलेल्या तरुणांना गावाबाहेरच्या नोकऱ्यांचे आकर्षण आहे. चर्चेची दीर्घ परंपरा नव्या पिढीपर्यंत पोहोचविणे हेही आव्हान आहे. जुन्या कार्यकर्त्यांनी संघर्षातून जे शिकून घेतले, ते संघर्ष न पाहिलेल्या मुलांना कसे शिकवावे, हा प्रश्न गावापुढे आहे.

ऑक्टोबर २०२१ मध्ये छत्तीसगडमधून रानटी हत्तींचा कळप धानोरा तालुक्यातून जिल्ह्यात आला. त्यानंतर धानाच्या शेतीचे व घरांचे नुकसान होण्याच्या घटना जिल्ह्याच्या अनेक भागांत घडल्या. जिल्ह्यात वाघांचाही वावर असून माणसांवर हल्ले झाले आहेत. नक्षलवादी हिंसाचारामुळे जिल्ह्याने अनेक दशके मोठी किंमत मोजली. अलीकडच्या वर्षांत परिस्थितीत बरीच सुधारणा झाली आहे.

पाहुण्यांसाठी

गावास भेट देण्यासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत अनुकूल आहे. मार्च व एप्रिलमध्ये पहाटे मोहाची फुले वेचण्याचे काम चालते. मात्र त्या काळात गावकरी व्यग्र असतात आणि ऊनही वाढलेले असते. पावसाळ्यात आतील वाटा बिकट होतात आणि हिवतापाचा धोका असल्याने मच्छरदाणी व औषधे सोबत ठेवणे हिताचे असते.

भेटीपूर्वी ग्रामसभेला कळविणे आणि हेतू स्पष्ट करणे अपेक्षित आहे. संशोधनासाठी येणाऱ्यांनी आपला विषय समजावून सांगावा, अनुमती घ्यावी आणि निष्कर्ष गावापर्यंत पोहोचवावेत. घरे, गोटुल, देवस्थान व व्यक्ती यांची छायाचित्रे विचारूनच घ्यावीत. मद्य आणू नये. जंगलात गावातील व्यक्तीला सोबत घेतल्याशिवाय जाऊ नये. गावात गोंडी बोलली जाते. मराठी सर्वत्र समजते आणि हिंदीनेही काम भागते. निवासाची व भोजनाची सोय गडचिरोली शहरात उपलब्ध आहे.

याच प्रवासात इतर काही ठिकाणे पाहता येतात. गडचिरोली-धानोरा मार्गावरील चातगाव येथे डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी स्थापन केलेल्या ‘सर्च’ संस्थेचे शोधग्राम आहे. नवजात बालकांच्या घरोघरी काळजीविषयीचे तेथील संशोधन जगभर मान्यता पावले आहे. चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या काठी मार्कंडा येथे प्राचीन दगडी मंदिरांचा समूह आहे.

कसे जावे

नागपूरहून गडचिरोलीला राज्य परिवहन महामंडळाच्या बसगाड्या आहेत. नागपूर हेच जवळचे मोठे विमानतळही आहे. गडचिरोलीहून धानोऱ्याकडे जाणाऱ्या बसने गावाजवळ उतरता येते. रेल्वेने येणाऱ्यांसाठी गोंदिया-बल्लारशा मार्गावरील वडसा हे स्थानक सोयीचे आहे. तेथून गडचिरोली सुमारे ५० किलोमीटर आहे. वडसा-गडचिरोली हा नवा रेल्वेमार्ग उभारण्याचे काम हाती घेण्यात आले आहे.

भिलाई, दुर्ग व राजनांदगाव परिसरातील प्रवाशांना दोन पर्याय आहेत. पावर हाउस अथवा दुर्ग स्थानकावरून हावडा-मुंबई मार्गाने गोंदियापर्यंत येऊन गाडी बदलता येते. रस्त्याने यावयाचे असल्यास मानपूरमार्गे सीमा ओलांडून मुरूमगाव व तेथून धानोरा गाठता येते. हा रस्ता दाट जंगलातून जात असल्याने दिवसाउजेडी प्रवास करावा आणि निघण्यापूर्वी रस्त्याची स्थिती विचारून घ्यावी. शक्य असल्यास ग्रामसभेच्या बैठकीच्या दिवसाची आधीच चौकशी करून त्या दिवशी पोहोचावे. पाहुण्यांना बैठकीत बसू दिले जाईल की नाही, याचाही निर्णय अर्थातच गावच घेईल.